'मी फक्त झोन मोजते'

ताई,
मी २७ वर्षांची आहे. मायक्रोबायोलॉजीत एमएस्सी करून तीन वर्षं एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करतेय. कल्चर लावायचं, म्हणजे रुग्णाच्या नमुन्यातले जिवाणू प्लेटवर वाढवायचे, त्यावर औषधाच्या डिस्क ठेवायच्या, दुसऱ्या दिवशी डिस्कभोवतीची जिवाणू न वाढलेली गोल जागा, म्हणजे झोन, मोजून रिपोर्टवर एस (औषध लागू पडतं), आय (मधलं) किंवा आर (रोध) लिहायचं. आर वाढतच चाललेत आणि ते रिपोर्ट कोणी नीट वाचतं का, तेही मला ठाऊक नाही. प्रतिजैविकरोधावर, म्हणजे जिवाणू अँटिबायोटिकला दाद देत नाहीत त्यावर, पीएचडी करावी असं फार मनात आहे. दोन ठिकाणी बोलणं झालंय. एक मोठा, नावाजलेला गट नवीन औषध शोधतोय. दुसरा अगदी लहान आहे, रोधाची जनुकं वाहून नेणारे प्लाझ्मिड (जिवाणूतले डीएनएचे सुटे तुकडे) एका जिवाणूतून दुसऱ्यात कसे जातात ते पाहतो. दादा म्हणतो, ही हरलेली लढाई आहे, औषध कंपन्यासुद्धा पळाल्या, आता जे शोधायचं ते एआय शोधेल, तू कोडिंग शिक. मला संशोधन जमेल का? मी तर फक्त झोन मोजते.
— झोन मोजणारी

प्रिय झोन मोजणारी,

शेवटचं वाक्य तू सहज लिहिलं असशील, पण मी तिथेच अडकले. फक्त मोजते म्हणे! म्हणून दादाला, एआयला आणि त्या दोन गटांना जरा बाहेर बसवते. आधी मोजण्याचं बोलू.

१९४३ साली साल्व्हाडोर लुरिया आणि मॅक्स डेलब्रुक यांनी एक प्रयोग छापला. पुस्तकात तू तो वाचला असशील, परीक्षेपुरता पाठही केला असशील. जिवाणू बऱ्याच लहान लहान नळ्यांत वेगवेगळे वाढवले, मग प्रत्येक नळीतले जिवाणू त्यांना मारणाऱ्या विषाणूंच्या प्लेटवर पसरले आणि वाचलेल्या वसाहती मोजल्या. काही नळ्यांतून शून्य, काहींतून दोन-चार आणि एखादीतून भसकन शेकड्याने. विषाणू समोर आल्यावर जिवाणू बदलत असते, तर सगळीकडे आकडे साधारण सारखे आले असते. तसे ते आले नाहीत. म्हणजे बदल आधीच झालेला होता. ज्या नळीत तो लवकर झाला, तिथे त्याची पिलावळ मोठी. रोधाविषयी आपण आज जे काही बोलतो, त्याच्या मुळाशी हे आहे. आणि त्यासाठी लागलं काय? नळ्या, प्लेटा आणि मोजायचा चिवटपणा. १९६९ च्या नोबेलमध्ये या दोघांचा वाटा होता.

दुसरं नाव पॅट्रिशिया जेव्हन्स. हे नाव फारसं कोणाला माहीत नसतं, याचा मला राग येतो. मेथिसिलिन नवं नवं होतं आणि पेनिसिलिनला न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकोकस या जिवाणूवर आता उतारा मिळाला, अशी सगळ्यांची समजूत होती. जेव्हन्स ब्रिटनमधल्या एका संदर्भ प्रयोगशाळेत काम करत. त्यांनी हजारो स्टॅफिलोकोकस तपासले आणि त्यातून मेथिसिलिनला रोध करणारे मोजून तीन बाजूला काढले. १९६१ साली त्यांनी ते एका छोट्याशा पत्रातून वैद्यकीय नियतकालिकाला कळवलं. एमआरएसए, म्हणजे मेथिसिलिनला रोध करणारा स्टॅफिलोकोकस, हे नाव पुढे जगभर दहशतीचं झालं, त्याची पहिली नोंद ती. हजारोंच्या ढिगाऱ्यात तीन वेगळे आहेत, हे ज्या नजरेला दिसलं, ती तुझ्यासारख्याच कामावर घडलेली होती.

आता माझी फजिती ऐक. पीएचडीच्या पहिल्या वर्षी एकाच आठवड्यात माझे अकरा जिवाणू एकाएकी रेझिस्टंट निघाले. मी हवेत. वहीत आलेख काढून गाइडच्या दारात जाऊन उभी. बाईंनी वहीकडे पाहिलंही नाही. म्हणाल्या, "प्लेट आण." प्लेट उजेडात आडवी धरली, कडेला पट्टी लावली. प्लेटमधलं अगर, म्हणजे जिवाणू वाढवायचं जेलीसारखं माध्यम, चार मिलिमीटर जाड हवं, ते सहा होतं. अगर जाड झालं की औषध खालीही पसरतं, आजूबाजूला कमी पोचतं आणि झोन लहान येतो. जिवाणू बिचारे होते तसेच होते. माझा पहिला शोध म्हणजे मी माध्यम फार सढळ हाताने ओतलं होतं, एवढाच.

तू हे पहिल्याच दिवशी पकडलं असतंस. जिवाणूंचा घोल अर्धा मॅकफार्लंड (हे गढूळपणाचं माप) भरला का, प्लेट पंधरा मिनिटांच्या आत लावली का, कंट्रोल स्ट्रेनचा, म्हणजे उत्तर आधीच ठाऊक असलेल्या जिवाणूचा, झोन हद्दीत आहे का, हे तीन वर्षं रोज पाहणाऱ्या हाताला जे कळतं, ते संशोधनाच्या लॅबमध्ये थेट आलेल्या मुलांना शिकायला दीड-दोन वर्षं जातात. काही जण शिकतच नाहीत आणि तरी पेपर छापतात, पण तो विषय वेगळा.

उणीव आहे ती दुसरीकडे. विचित्र प्लेट आली की तू काय करतेस? पुन्हा लावतेस. दुसऱ्यांदा सरळ उत्तर आलं की रिपोर्ट जातो, प्लेट जंतू मारणाऱ्या ऑटोक्लेव्हमध्ये जाते. यात तुझी चूक नाही. रुग्ण वाट पाहत असतो, रिपोर्ट अडवून चालत नाही. पण झोनच्या आत, अगदी स्वच्छ जागेत, दोन-तीन बारीक वसाहती उगवलेल्या तू कितीदा पाहिल्यास? त्या भेसळीच्या असू शकतात. कल्चर मुळात मिश्र असू शकतं. किंवा त्याच जिवाणूच्या समुदायात थोडे सदस्य रोध असलेले असतात, उपचार सुरू झाला की तेच उरतात आणि माजतात. एरिथ्रोमायसिनच्या डिस्कच्या बाजूने क्लिंडामायसिनचा गोल झोन चपटा होऊन इंग्रजी डीसारखा दिसतो, तेव्हा तू आर लिहितेस. ते का लिहायचं हे तुला कधी कोणी सांगितलं, की तक्त्यात आहे म्हणून लिहितेस? त्या जिवाणूतलं रोधाचं जनुक झोपलेलं असतं आणि एरिथ्रोमायसिनची चाहूल लागली की जागं होतं. एकट्या क्लिंडामायसिनपुढे तो साळसूद दिसतो. ही गोष्ट तुझ्या प्लेटवर डोळ्यांनी दिसते. डीएनए न वाचता.

संशोधन जमेल का, याचं उत्तर तुझ्या मार्कांत किंवा वयात मला शोधायचं नाही. २७ हे काही उशिराचं वय नव्हे, त्यावर आणखी एक ओळही घालवणार नाही. अशा प्लेटा पाहून घरी गेल्यावरही डोक्यात काही वळवळतं का, ते तुझं तू पाहा. वळवळत असेल तर जमेल. नुसतीच या नोकरीला कंटाळली असशील, तर पीएचडी हा त्यावरचा उपाय नाही. तिथे प्लेटा जास्त लावाव्या लागतात आणि रिपोर्टची वाट पाहणारंही कोणी नसतं.

रिपोर्ट वाचतं कोण, असं तू विचारलंस. एकेक रिपोर्ट वाचला जातो आणि विसरला जातो, हे खरं. पण वर्षभराचे रिपोर्ट एकत्र केले की त्यांचं वजन बदलतं. कल्चरचं उत्तर यायला दोन दिवस लागतात, डॉक्टरला औषध मात्र आज रात्री सुरू करायचं असतं. अशा वेळी अंदाजाला आधार मिळतो तो त्या हॉस्पिटलच्या एकत्रित अँटिबायोग्रामचा, म्हणजे कुठल्या जिवाणूवर कुठलं औषध किती टक्के लागू पडतं त्या तक्त्याचा. तुमच्याकडे तो होत नसेल, तर वरिष्ठांची परवानगी घेऊन तू कर. एका रुग्णाचा त्या जातीचा पहिलाच जिवाणू धरायचा, नाहीतर महिनाभर मुक्काम केलेला एकच रुग्ण सगळी टक्केवारी फिरवून टाकतो. एका जातीचे किमान ३० तरी नमुने हवेत, त्याखाली टक्केवारी काढू नये. रुग्णांची नावं, नंबर काही लॅबबाहेर नेऊ नकोस. हे काम दोन महिन्यांचं आहे आणि मुलाखतीत ते एका शिफारसपत्राहून जास्त बोलेल.

२०२२ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला, तो तू पाहिला असशीलच. २०१९ या एका वर्षात जिवाणूंच्या प्रतिरोधामुळे थेट १२ लाख ७० हजार मृत्यू झाले आणि ४९ लाख ५० हजार मृत्यूंशी त्याचा संबंध होता, असा त्यातला अंदाज. हे आकडे भाषणांत सगळे घेतात. ते आले कुठून, हे कोणी सांगत नाही. ४७ कोटींहून जास्त नोंदी गोळा करून ते काढले आणि त्यातल्या असंख्य नोंदी म्हणजे कुठल्यातरी लॅबमध्ये कोणीतरी लिहिलेला एस किंवा आर. जिथे तुझ्यासारखं कोणी मोजतच नाही, त्या मुलखांसाठी गणिताने अंदाज बांधावा लागला.

आता दादाला आत बोलावू. त्याच्याशी मी भांडणार नाही, कारण तो निम्मा बरोबर आहे. ही लढाई जिंकून संपवता येणार नाही. पेनिसिलिन सर्रास वापरात यायच्या आधीच, १९४० साली, एडवर्ड अब्राहम आणि अर्न्स्ट चेन यांनी ते तोडणारं विकर (एन्झाइम) जिवाणूंत सापडल्याचं छापलं होतं. लाखो वर्षं बाहेरच्या जगाशी संबंध तुटलेल्या, अमेरिकेतल्या लेचुगिया गुहेतल्या जिवाणूंतही आजच्या औषधांना रोध सापडला. माणसाने काही शोधण्याच्या कितीतरी आधीपासून मातीत हे एकमेकांवर विषप्रयोग करत आणि पचवत आलेत. तेव्हा 'रोध नष्ट करू' असं कोणी म्हणालं, तर हसून पुढे जा.

पण जिंकता येत नाही म्हणजे हरलोच, हे दादाने परस्पर ठरवलंय. फिनलंडमध्ये १९९० च्या सुरुवातीला घसा बिघडवणाऱ्या स्ट्रेप्टोकोकसमध्ये एरिथ्रोमायसिनचा रोध वाढला. डॉक्टरांनी त्या गटातली औषधं कमी लिहावीत असं ठरलं आणि ती खरोखर कमी लिहिली गेली. १९९२ मध्ये रोध १६.५ टक्के होता, तो १९९६ पर्यंत ८.६ टक्क्यांवर आला. इंग्लंडमध्ये २००१ पासून रक्तातल्या एमआरएसएची प्रत्येक केस कळवणं हॉस्पिटलांना सक्तीचं झालं, २००४ मध्ये ते प्रमाण निम्मं करण्याचं लक्ष्य दिलं गेलं आणि २००८ पर्यंत ते गाठलं. हात धुणं, सलाइनच्या नळ्यांची काळजी, असले बिनचमकीचे उपाय. आधी मोजलं म्हणून पुढचं सुचलं.

याच्या अगदी उलट उदाहरणही सांगते, नाहीतर मी तुला गोड गोडच सांगतेय असं होईल. १९९० च्या दशकात ब्रिटनमध्ये सल्फोनामाइड औषधांचा वापर जवळजवळ बंद झाला. ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूमधला त्यांचा रोध उतरायला हवा होता. तो उतरलाच नाही. औषध गेलं तरी जनुक मुक्कामालाच. कारण ते जनुक एकटं नसतं. एकाच प्लाझ्मिडवर इतर औषधांच्या रोधाची जनुकं शेजारी शेजारी बसलेली असतात आणि त्यातल्या एकाची गरज भासली, की सगळं बिऱ्हाड टिकतं. शिवाय रोध बाळगण्याचा जो भार जिवाणूवर पडतो, तो हलका करणारे बदलही मागाहून घडतात. फिनलंडमध्ये उतरलं आणि ब्रिटनमध्ये नाही, हे असं का? कुठल्या प्लाझ्मिडचं बिऱ्हाड उठवता येतं आणि कुठल्याचं नाही? तुझा तो लहान गट साधारण हाच प्रश्न विचारतोय, असं तुझ्या पत्रावरून मला वाटतं. आणि मी तुझ्या जागी असते तर तिथेच गेले असते.

मोठ्या गटाला मी नावं ठेवत नाही. नवीन औषधं हवीतच आणि येतातही. मूत्रमार्गाच्या संसर्गासाठी गेपोटिडासिनला २०२५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. पण दादाचं कंपन्यांविषयीचं म्हणणं खोटं नाही. अकाओजेन या कंपनीच्या प्लाझोमायसिनला जून २०१८ मध्ये मान्यता मिळाली आणि एप्रिल २०१९ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. औषध चांगलं होतं. ते चांगलं म्हणूनच डॉक्टर राखून ठेवतात, द्यायचं झालं तर थोडेच दिवस देतात, मग विक्री होणार कशी? हा पेच सोडवायला ब्रिटनने २०२२ मध्ये दोन प्रतिजैविकांसाठी किती डबे खपले ते न पाहता कंपनीला वर्षाची ठरावीक रक्कम द्यायला सुरुवात केली. हे अर्थकारण कळलेली मायक्रोबायोलॉजिस्ट मला फार क्वचित भेटते. तू वाचून ठेव.

मोठ्या गटात धोका तुझ्यासारख्या नवख्या विद्यार्थिनीला असतो. औषध म्हणून तपासलेला रेणू बहुधा पडतो. यकृताला बाधतो, रक्तात टिकत नाही, पेशीच्या भिंतीतून आत शिरत नाही. गाइडकडे त्याच वेळी दुसरे सहा रेणू असतात, तुझ्याकडे एकच प्रबंध असतो. तरी तिकडेच जावंसं वाटलं, तर गाइडशी आधी बोलून प्रबंधाचा विषय असा बांधून घे की रेणू पडला तरी तो उभा राहील. या रेणूला जिवाणू रोध कसा करतात, हा विषय घे. त्याचं उत्तर रेणू जगला तरी लागतं आणि मेला तरी छापता येतं.

दोन्हीकडे गेल्यावर गाइडपेक्षा तिथल्या चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्याशी बोल, आणि गाइड खोलीत नसताना बोल. आधीच्या तिघांना पदवी मिळायला किती वर्षं लागली, आज ते कुठे आहेत, प्रयोग फसला की आठवड्याच्या बैठकीत काय होतं, हे विचार. लहान गटात आणखी एक खोदून विचार, जिवाणू येतात कुठून? एखाद्या हॉस्पिटलशी लेखी करार आणि नैतिक समितीची मान्यता आहे की नुसतं 'मिळतील गं'? मिळतील म्हणत मिळत नाहीत आणि मग दोन वर्षं लॅबमधल्या पाळीव ई. कोलायवर काढावी लागतात. अनुदान किती वर्षांचं उरलंय, हे विचारायला लाजू नकोस. लहान गट तिथेच मोडतात.

एआयचं थोडक्यात. हॅलिसिन नावाचा रेणू २०२० मध्ये संगणकाच्या मदतीने सापडला, मूळचा मधुमेहासाठी तपासलेला. बातमी मोठी झाली आणि व्हायलाच हवी होती. पण त्या संगणकाला शिकवण्यासाठी आधी दोन हजारांहून जास्त रेणू ई. कोलायवर प्रत्यक्ष लावून कोणाने वाढ रोखली, कोणाने नाही, ते मोजलं गेलं होतं. हे मोजलेलं चुकीचं असतं तर यंत्र चुकीचंच शिकलं असतं. आणि हॅलिसिनचं औषध अजून झालेलं नाही. तरीही कोडिंग शिक, दादा म्हणतो म्हणून नव्हे. प्लाझ्मिडचं सिक्वेन्सिंग केल्यावर, म्हणजे त्याचा डीएनए वाचल्यावर, हाती येतो तो अक्षरांचा डोंगर. तो दुसऱ्या कोणाकडून उपसून घेणारी मुलगी त्या दुसऱ्याच्या वेळापत्रकावर जगते. सहा महिने रोज तासभर दिलास तरी पुरे. प्लेटही लावता येते आणि जीनोमही (जिवाणूचा सगळा डीएनए) वाचता येतो अशी माणसं अजून कमी आहेत. आणि जीनोममध्ये रोधाचं जनुक आहे पण प्लेटवर जिवाणू औषधाने मरतोय, असं घडलं की दोघांत खरं कोण, हे असाच माणूस सांगू शकतो.

जे कोणी तुला सांगणार नाही, तेही लिहिते. पीएचडीनंतर कायमची नोकरी समोर उभी नसते. पोस्टडॉकची, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाची, कामं दोन-तीन वर्षांच्या करारावर मिळतात, गावं बदलतात, नाती ताणली जातात. माझ्याबरोबरच्या पाचांपैकी विद्यापीठात दोघीच राहिलो. एक जण रोगनिदानाची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत गेला आणि आमच्या सगळ्यांपेक्षा सुखी दिसतो. एक सांडपाण्यातले जिवाणू तपासून साथीचा माग काढते. पाचवी परत हॉस्पिटलात गेली, अँटिबायोटिक जपून वापरावं म्हणून जो चमू असतो त्यात, आणि रोज सर्जनांशी भांडते. म्हणजे तू आज जिथून निघते आहेस तिथेच ती पोचली, फक्त आता तिने आर म्हटलं की औषध बदलतं. विद्यापीठातली खुर्ची हेच एक यश धरून निघालीस तर बहुधा दुखावशील.

तेव्हा लगेच राजीनामा देऊ नकोस. अँटिबायोग्राम पुरा कर. रोज दिसणाऱ्या विचित्र प्लेटांची एक वेगळी वही ठेव. तारीख, जिवाणू, औषध, काय वेगळं दिसलं, एवढंच. तीन महिन्यांनी ती वही घेऊन लहान गटाच्या गाइडला भेट आणि त्यातली एक नोंद त्यांच्यापुढे ठेव. त्या पुढे वाकून वही स्वतःकडे ओढतात का, ते पाहा.

आणि परवानगी मिळाली, तर त्यातले काही जिवाणू ग्लिसरॉलमध्ये घालून उणे ८० अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवून दे. नळ्यांवर नावं मात्र अल्कोहोलने न पुसल्या जाणाऱ्या मार्करनेच घाल, आणि झाकणावर नको, नळीच्या अंगावर घाल. झाकणं अदलाबदल होतात. माझी एक अख्खी रॅक अशीच बेनाम झाली, आणि तिच्यातली एक नळी मी अजून शोधते आहे.

तुझी,
ताई